लांब नॉन-कोडिंग आरएनए आणि कॅन्सर: गर्दीत गुन्हेगार कोण?

मुक्ता_मुलुंड (धागाकर्ती)

कार-टी (पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या) उपचाराच्या धाग्यावर बोरिवलीकर काकांनी विचारलं होतं: प्रोटीन बनवायला आपल्या डीएनएचा जेमतेम २ टक्के भाग लागतो, तर बाकीच्याचा कॅन्सरशी काही संबंध असतो की नाही? तिथे उत्तर देत बसले असते तर मूळ चर्चा भरकटली असती, म्हणून हा वेगळा धागा. मी रेणवीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही. कुणाचा रिपोर्ट वाचून सल्ला देणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

माणसाच्या जिनोममध्ये साधारण ३ अब्ज अक्षरं आहेत आणि प्रोटीन बनवणारी जनुकं २० हजारांच्या आसपास. उरलेल्या पसाऱ्याला ‘जंक डीएनए’ म्हणायची पद्धत १९७२ साली सुसुमू ओहनो यांच्या लेखापासून रुळली. पुढे लक्षात आलं की या पसाऱ्यातला पुष्कळ भाग पेशी वाचते, त्याच्या आरएनए प्रती काढते, पण त्या प्रतींपासून प्रोटीन बनवत नाही. अशांपैकी २०० अक्षरांहून लांब असतात ते लांब नॉन-कोडिंग आरएनए. लॅबमध्ये आमच्या तोंडी ‘लिंक-आरएनए’ बसलंय, इथेही तेच वापरते. ही २०० ची रेघ निसर्गाने आखलेली नाही. आरएनए शुद्ध करताना त्याहून लहान तुकडे गळून जायचे, म्हणून तो आकडा पडला. आता काही तज्ज्ञ ५०० म्हणा म्हणतात.

काहींचं काम पक्कं माहीत आहे. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात. १९९१ साली सापडलेला ‘एक्सिस्ट’ त्यातल्या एकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतो आणि त्याला गप्प बसवतो. दुसरा ‘नोरॅड’, २०१६ मधला. हा प्युमिलिओ नावाच्या प्रोटीनना धरून ठेवतो. नोरॅड काढून टाकला की पेशी विभागताना गुणसूत्रांचा हिशेब चुकायला लागतो, आणि चुकलेला हिशेब ही कॅन्सरच्या पेशीची जुनी ओळख.

आता मुद्द्याचं. कुठलीही गाठ घ्या, शेजारच्या निरोगी ऊतीशी ताडून बघा, शेकडो लिंक-आरएनए वाढलेले किंवा घटलेले सापडतात. मग लगेच पेपर निघतो: अमुक आरएनएमुळे तमुक कॅन्सर होतो. रुळांवर अपघात झाला की फलाटावर गर्दी जमते. म्हणून गर्दीने अपघात केला असं आपण म्हणत नाही. गाठीत वाढलेल्या आरएनएबद्दल मात्र बिनदिक्कत म्हटलं जातं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ‘मलॅट-वन’. २००३ साली जर्मनीतल्या एका गटाने सुरुवातीच्या टप्प्यातल्या फुप्फुसाच्या गाठी तपासल्या: ज्यांचा कॅन्सर पुढे पसरला त्यांच्या आणि ज्यांचा नाही पसरला त्यांच्या. पसरलेल्यांत हा आरएनए जास्त होता. तिथूनच त्याला हे नाव पडलं, ‘मलॅट’मधला ‘म’ मेटास्टॅसिसचा, म्हणजे पसरण्याचा. लांबी ८ हजार अक्षरांच्या आसपास. शेवटाला तीन पदरांची गुंफण असते, त्यामुळे नेहमीची ए-ए-ए अशी शेपटी नसूनही तो लवकर विरघळत नाही. पेशीत रगड सापडतो. एवढा महत्त्वाचा दिसतोय तर त्याच्याविना प्राणी जगणारच नाही, असं वाटेल ना? २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी मलॅट-वन नसलेले उंदीर तयार केले. उंदीर ठणठणीत. वाढले, व्याले, काही फरक नाही.

मग २०१६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरच्या उंदरांत तो बंद केला, तर फुप्फुसात पसरणं कमी झालं. आणि २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनच्या गटाने त्याच जातीच्या कॅन्सरी उंदरांत बंद केला, तर पसरणं वाढलं! आरएनए परत दिल्यावर पुन्हा कमी. म्हणजे एकाच्या लेखी आरोपी, दुसऱ्याच्या लेखी पहारेकरी. दोन्ही लॅब नावाजलेल्या, दोन्ही पेपर चांगल्या जर्नलांतले. असं का झालं यावर प्रतिसादांत बोलू, इथे फार लांबलं.

चहाटळ

पहिला नंबर! आता वाचतो.

बोरिवलीकर

मुक्ताताई, मनापासून आभार. बँकेत उभी हयात गेली, पण हिशेब चुकला की काय होतं ते नीट कळलं :) एक शंका. हे ‘वाढलं’, ‘घटलं’ मोजतात कसं? गाठीत आरएनए दिसतो का डोळ्यांना?

मुक्ता_मुलुंड

काका, मोजायची पद्धत तुम्हाला माहीत आहे, फक्त नाव विसरला असाल. कोविडच्या रिपोर्टवर ‘सीटी व्हॅल्यू’ असायची, आठवतं? तीच आरटी-पीसीआर. आरएनएची आधी डीएनए प्रत करायची, मग ती दर फेरीला दुप्पट होत जाते. किती फेऱ्यांनी चमक दिसू लागली तो आकडा म्हणजे सीटी. एका फेरीचा फरक म्हणजे मूळ मालात दुपटीचा फरक. आकडा जितका लहान तितका माल जास्त.

दिसण्याचं म्हणाल तर, थोडासा दिसतो. गाठीचा तुकडा ट्रायझॉल नावाच्या गुलाबी द्रवात कुटतात, क्लोरोफॉर्म घालून गरगर फिरवतात. नळीत तीन थर होतात. खाली गुलाबी, मधे पांढरट साय, वर पाण्यासारखा स्वच्छ थर. आरएनए त्या वरच्या थरात. पिपेटचं टोक सायीला लागलं की डीएनए आणि प्रोटीन आत आलंच, म्हणून थोडा थर सोडूनच द्यायचा. लोभ करणाऱ्याचा प्रयोग फसतो. मग आयसोप्रोपॅनॉल घालून फिरवलं की नळीच्या तळाशी जेलीसारखा बारीक ठिपका बसतो. कधी तोही दिसत नाही, तो आहे असं धरूनच वरचं द्रव काढावं लागतं. आणि आपल्या बोटांवर, थुंकीत आरएनए कापणारी एन्झाइम्स असतात. नळीवर तोंड उघडून गप्पा मारणाऱ्या ज्युनियरला आमच्याकडे सगळे ओरडतात.

शंकासुर

लेख चांगला आहे, पण गर्दीवरच का थांबलात? कारण ठरवायला लोक आरएनए बंद करून बघतातच की. मलॅटचे उंदीर तुम्हीच सांगितलेत. मग एकाच जनुकाची दोन टोकाची उत्तरं कशी, हे न सांगता ‘प्रतिसादांत बोलू’ म्हणणं म्हणजे मालिकेच्या भागासारखं झालं.

मुक्ता_मुलुंड

शंकासुर, घ्या पुढचा भाग.

प्रोटीनच्या जनुकात हिशेब सरळ असतो. जनुक बंद केलं, प्रोटीन गेलं, जो परिणाम झाला तो प्रोटीन गेल्याचा. लिंक-आरएनएत तीन गोष्टी एकाच जागी नांदतात: तयार झालेला आरएनए, तो तयार होण्याची क्रिया, आणि ज्या डीएनएवरून तो निघतो ती जागा. त्या जागेत शेजारच्या जनुकांची बटणंही असू शकतात. तुम्ही डीएनएचा तुकडा कापून टाकलात तर तिन्ही जातात. मग परिणाम कशाचा?

२०१८ च्या गटाचं म्हणणं नेमकं हेच होतं. आम्ही शेजारच्या जनुकांना धक्का न लावता मलॅट बंद केला, आणि परत दिल्यावर परिणाम उलटला, म्हणजे काम आरएनएचंच. उलट २०१६ च्या गटाकडे वेगळा पुरावा होता. त्यांनी जनुकाला हात न लावता, नुसता तयार झालेला आरएनए तोडणारे कृत्रिम तुकडे उंदरांना टोचले, तरी पसरणं कमी झालं. त्यामुळे एकाने मोडतोड केली आणि दुसऱ्याने नाही, एवढं सोपं ते प्रकरण नाही. दोन्ही खरं असू शकतं, पद्धत आणि वेळ बदलली की. मला स्वतःला ‘परत दिल्यावर उलटतं’ हा पुरावा जास्त पटतो. लिंक-आरएनएच्या बहुतेक पेपरांत तो नसतोच.

याहून मजेशीर ‘पीव्हीटी-वन’. ८ व्या गुणसूत्रावर ‘मिक’ नावाचं कॅन्सरचं बडं जनुक आहे, हे त्याच्या शेजारी राहतं. कित्येक गाठींत मिकच्या जादा प्रती होतात, तेव्हा पीव्हीटी-वनच्याही होतात. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की पीव्हीटी-वनचा आरएनए मिकच्या प्रोटीनला टिकवून धरतो. ठरलं, साथीदार! २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या हॉवर्ड चँग यांच्या गटाने त्याचं सुरुवातीचं बटण बंद केलं, तर मिक उलट वाढला. आरएनएचा संबंध नव्हता. शेजारच्या डीएनएतले प्रवर्धक, म्हणजे जनुकाचा आवाज मोठा करणारे भाग, एरवी पीव्हीटी-वनच्या बटणाला गुंतवून असतात. ते मोकळे झाले आणि मिककडे वळले. आरएनए मदत करतो आणि त्याच्याच जनुकाचं बटण आडवं येतं. एकाच पत्त्यावर दोन उलटी कामं.

शंकासुर

हां, आता बरोबर. हे मूळ लेखात हवं होतं.

अजून एक टाचण. ‘नॉन-कोडिंग’ हे लेबलही कायमचं नाही. काहींमधून छोटे पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचे इवलेसे भाऊ, बनतात. ‘हॉक्सबी-एएस३’ लिंक-आरएनए म्हणून नोंदलेलं होतं. २०१७ मध्ये त्यातून ५३ अमिनो आम्लांचं पेप्टाइड निघतं आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची वाढ तेच रोखतं, आरएनए नव्हे, असं दाखवलं गेलं. म्हणजे तुमच्या तीन गोष्टींत चौथी घाला.

मुक्ता_मुलुंड

घातली. ही बाब खरंच सुटली नसती तर बरं, पण धागा वाढवायला शंकासुर आहेतच.

केळवेमाहीम

वाचतोय, निम्मं डोक्यावरून गेलं. वडिलांचं प्रोस्टेटचं चालू आहे. पीएसए (प्रोस्टेटचं प्रोटीन, रक्तात मोजतात ते) वाढलेलं, एक बायोप्सी झाली, त्यात काही निघालं नाही. तरी पीएसए वाढतंच आहे. दुसरी बायोप्सी करायची का यावर घरात रोज चर्चा. भावाने कुठेतरी वाचलं की लघवीतून आरएनए बघायची टेस्ट असते. ती याच प्रकारातली का? सल्ला मागत नाही, फक्त समजून घ्यायचंय.

मुक्ता_मुलुंड

हो, याच प्रकारातली. लिंक-आरएनएमधून खरोखर दवाखान्यापर्यंत पोचलेली गोष्ट म्हणाल तर हीच. ‘पीसीए-थ्री’ हे जनुक ९ व्या गुणसूत्रावर आहे, १९९९ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं. प्रोस्टेट सोडून इतर अवयवांत ते जवळपास नसतंच, आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरी पेशींत निरोगी पेशींपेक्षा कितीतरी पटीने जास्त असतं. पीएसएचा घोळ असा की ते प्रोस्टेटचं आहे, कॅन्सरचं नाही. वयाने ग्रंथी मोठी झाली, सूज आली, तरी वाढतं.

डॉक्टर आधी बोटाने प्रोस्टेट दाबतात, म्हणजे पेशी लघवीच्या वाटेत उतरतात. मग पहिल्या धारेची लघवी घेऊन त्यात पीसीए-थ्रीचा आरएनए आणि पीएसएचा आरएनए यांचं गुणोत्तर काढतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१२ मध्ये मान्यता दिली ती याच प्रश्नासाठी: वय ५० च्या पुढे, आधीची बायोप्सी निगेटिव्ह, तर पुन्हा करावी का. पीएसएच्या ऐवजी म्हणून नाही, आणि घरोघरी चाळणी म्हणूनही नाही. हल्ली बरेच युरॉलॉजिस्ट आधी एमआरआय करायला सांगतात. वडिलांच्या डॉक्टरांना हा प्रश्न ‘पीसीए-थ्री की एमआरआय’ असा सरळ विचारा, ते रागावणार नाहीत.

गंमत बघा, हे जनुक नक्की करतं काय यावर आजही वाद आहे. पण खूण म्हणून वापरायला कारण असावंच लागत नाही. गर्दी दिसली की तिथे काहीतरी झालंय एवढं कळतं, तेवढ्यापुरतं ते पुरतं.

केळवेमाहीम

धन्यवाद ताई. सोमवारी विचारतो.

मूकवाचक

पहिल्यांदाच लिहितेय. मागच्या रविवारी आमच्या सोसायटीत आरोग्य शिबिर होतं, तिथे एका खासगी लॅबचा माणूस ‘जंक डीएनएतून कॅन्सर ओळखा’ असं पत्रक वाटत होता. रक्ताचा एक नमुना, ‘आरएनए पॅनेल’, सगळ्या प्रकारचे कॅन्सर. किंमत ऐकून सासूबाई खुर्चीतच बसल्या. त्याला विचारलं की पॉझिटिव्ह आलं तर पुढे काय, कुठला अवयव? तर म्हणे ‘आमचे काउन्सेलर फोन करतील’. पत्रक इथे टाकत नाही, जाहिरात नको.

मुक्ता_मुलुंड

मूकवाचक, अगदी नेमका प्रश्न विचारलात. अजून दोन विचारायचे होते. कुठल्या लोकांवर तपासलं, आणि निरोगी माणसांत किती जणांना उगाच पॉझिटिव्ह आलं? शंभर निरोगी माणसांत पाच जरी खोटे पॉझिटिव्ह आले तरी तुमच्या सोसायटीत स्कॅनसाठी रांग लागेल. रक्तात फिरणारे लिंक-आरएनए ही चांगली संशोधनाची दिशा आहे. शिबिरात विकायची वस्तू नाही. नमुना किती वेळ बाहेर पडून होता यानेसुद्धा आकडे हलतात, आणि मे महिन्यात मुंबईत टेबलावर ठेवलेल्या नळीबद्दल मी काय बोलू.

चहाटळ

काउन्सेलरचा फोन येईपर्यंत माणूस टेन्शननेच जायचा.

दंतमंजन

दातांचा डॉक्टर आहे, लालबागला प्रॅक्टिस. तोंडाच्या कॅन्सरमध्ये या लिंक-आरएनएंचं काय? दर महिन्याला एखादा तरी तिशीतला मुलगा येतो, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, आणि पुडी मिळते कुठे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मुक्ता_मुलुंड

डॉक्टर, तोंडाच्या कॅन्सरमध्ये मलॅट-वन, हॉटेअर वगैरे लिंक-आरएनए वाढल्याचे पेपर ढीगभर आहेत. त्यातले बरेच ‘वाढलेलं दिसलं’ एवढ्यावर थांबतात.

एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. गाल आणि हिरडीच्या कॅन्सरचा भारतातला मोठा जनुकीय अभ्यास २०१३ मध्ये आला, आंतरराष्ट्रीय कॅन्सर जिनोम संघटनेच्या भारतीय गटाचा. त्यात खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा हॉस्पिटलचं संशोधन केंद्र, होतं. टीपी५३ सारखी ओळखीची जनुकं निघालीच, शिवाय यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशीही. पण ते एक्सोम सिक्वेन्सिंग होतं, म्हणजे मुख्यतः प्रोटीन बनवणारा भाग वाचलेला. खर्चाच्या मानाने तेव्हा तेच शहाणपणाचं होतं. लिंक-आरएनएची जनुकं त्या जाळ्यात बहुतेक येतच नाहीत. तंबाखू-सुपारीने आपल्याकडे होणाऱ्या कॅन्सरमध्ये ती काय करतात हे बघायचं तर पूर्ण जिनोम आणि आरएनए दोन्ही वाचायला हवेत, आणि ताजे, बर्फात ठेवलेले नमुने हवेत. आपले पेशंट हातात घेऊन फिरतात ते गाठीचा तुकडा बसवलेले मेणाचे ब्लॉक. फॉर्मालिनमध्ये बुडवून ठेवलेल्या ऊतीतला आरएनए तुकडे-तुकडे झालेला असतो. त्यातूनही काढता येतो, पण ८ हजार अक्षरांचा आरएनए सलग मिळेल ही आशा सोडायची.

तुमच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाला यातलं काही नको. त्याला टॉर्च हवा.

दंतमंजन

हेच म्हणणार होतो. पांढरा चट्टा दिसायला टॉर्च पुरतो. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी केलेलं काम आठवतं का? १९९८ पासून दीड लाख बायका. जेमतेम दहावी झालेल्या, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या, आणि साहित्य काय, तर व्हिनेगर. लावल्यावर जागा पांढरी पडली तर पुढे पाठवायचं. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर परिषदेत मुख्य सत्रात मांडलं गेलं होतं. आरएनए पॅनेलवाल्याला ते सांगा.

शंकासुर

डॉक्टर, सहमत, पण हा युक्तिवाद ताणू नका. व्हिनेगर चालतो कारण गर्भाशयमुख दिसतं. स्वादुपिंड दिसत नाही, अंडाशय दिसत नाही. तिथे रक्तातली किंवा इतर कुठली तरी खूण लागणारच. आज शिबिरात विकलं जातंय म्हणून संशोधन फुकाचं ठरत नाही.

दंतमंजन

फुकाचं म्हटलं नाही हो. क्रम म्हणतोय.

बोरिवलीकर

मुक्ताताई, यावर औषध निघालंय का? आरएनए वाढलाय तर तो तोडायचा, इतकं सरळ नाही का?

मुक्ता_मुलुंड

काका, तोडायचं तंत्र आहे. आरएनएला नेमका चिकटणारा कृत्रिम तुकडा बनवायचा. नुसिनर्सेन हे औषध त्याच कुळातलं आहे, फक्त ते आरएनए तोडत नाही, त्याची जोडणी बदलतं. लहान मुलांच्या स्नायूंच्या आजारासाठी २०१६ मध्ये मान्यता मिळाली, पाठीच्या कण्यात टोचतात. पण लिंक-आरएनएवर नेम धरणारं कॅन्सरचं एकही औषध अजून मान्यता मिळून बाजारात आलेलं नाही. शिरेतून दिलेले हे तुकडे बरेचसे यकृत आणि मूत्रपिंडात जाऊन बसतात, गाठीत पुरेसे पोचत नाहीत. आणि मलॅटसारखं प्रकरण असेल तर तोडायचा की वाढवायचा हेच आधी ठरवायला हवं ना!

एक वेगळी युक्ती मात्र झाली. ‘एच-नाइन्टीन’ हे जनुक गर्भात जोरात चालू असतं, जन्मानंतर बहुतेक ठिकाणी बंद होतं आणि मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये पुन्हा चालू होतं. इस्राएलमधल्या संशोधकांनी त्याच्या आरएनएला हातच लावला नाही. त्याचं सुरू होण्याचं बटण घेतलं, त्याला घटसर्पाच्या विषाचं जनुक जोडलं आणि ते नळीने मूत्राशयात सोडलं. ज्या पेशीत एच-नाइन्टीन चालू, तीच पेशी स्वतःसाठी विष बनवणार. माणसांवर चाचण्या झाल्या, काही गाठी विरघळल्याही, पण औषध बाजारापर्यंत पोचलं नाही. कल्पना म्हणून मला अजूनही फार आवडते.

मूकवाचक

आणि तो एक्सिस्ट? तो बायकांमधलाच. त्याचा कॅन्सरशी संबंध लावलाय का कुणी?

मुक्ता_मुलुंड

लावलाय, आणि चांगला लावलाय. २०१३ मध्ये बोस्टनच्या जिनी ली यांच्या गटाने उंदरांच्या फक्त रक्तपेशींतून एक्सिस्ट काढला. माद्यांना जीवघेणा रक्ताचा कॅन्सर झाला, नरांना नाही. कारण नरात तो मुळात कामच करत नाही. ‘वाढलं-घटलं’च्या पेपरांपेक्षा असा एक प्रयोग मला शंभर पटींनी मोलाचा वाटतो. नरांचा गट आपोआप तुलनेला मिळाला.

अनुस्वार_२१

मी रुईयाला बीएस्सी करतेय, शेवटचं वर्ष. मला हेच करायचंय. मुंबईत कुठे?

बोरिवलीकर

बाळा, आधी कमल रणदिव्यांबद्दल वाच. परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब त्यांनी उभी केली, १९६० च्या दशकात. १९८२ ला पद्मभूषण.

मुक्ता_मुलुंड

तेच केंद्र पुढे खारघरला ॲक्ट्रेक म्हणून गेलं. तिथे पीएचडी होते, होमी भाभा राष्ट्रीय संस्थेमार्फत. कुलाब्याला टीआयएफआर, पवईला आयआयटी आहेच. आधी एमएस्सी कर, आणि एमएस्सीचा प्रकल्प अशा लॅबमध्ये कर जिथे आरएनए स्वतःच्या हाताने काढायला देतात.

शंकासुर

आणि आर शिक. प्रोग्रॅमिंगवाली. लिंक-आरएनएच्या निम्म्या पेपरांत घोळ पिपेटचा नसतो, संख्याशास्त्राचा असतो. वीस हजार जनुकं तपासून पाच टक्क्यांच्या कसोटीवर ‘सापडली’ म्हणणारे अजूनही भेटतात. योगायोगानेच त्यातली हजार सापडतात.

अनुस्वार_२१

आर सुरू केलंय सर, पण पॅकेज इन्स्टॉलच होत नाहीये.

शंकासुर

व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. एरर काय येतोय तो पूर्ण टाक, स्क्रीनचा फोटो नको.